कुंपणाचं काम गुत्त्यानं देण्याआधी

पाच-सहा वर्षं जुनं तारेचं कुंपण कुठून गेलं आहे, ते एकदा खाली वाकून बघा. वरची जाळी बहुतेक वेळा शाबूत असते. खांब मात्र जमिनीलगत, माती संपून हवा सुरू होते त्या चार बोटांत, खाल्लेला असतो. लोखंडी अँगल असेल तर तिथेच पापुद्रे सुटतात. लाकडी बल्ली असेल तर तिथे बोटानंही भुसा निघतो. सिमेंटचा पोल असेल तर तिथेच उभी चीर पडून तीतून तांबडा ओघळ आलेला असतो. घराभोवती कुंपण घालायला माणूस ठरवताना आपण बघतो ती जाळीची चकाकी आणि विचारतो तो फुटाचा भाव. कुंपण टिकणार की नाही, हे या दोन्हींवर फारसं अवलंबून नसतं. ते ठरतं खड्ड्यात, आणि खड्डा पाहायला घरमालक सहसा जागेवर नसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरसारख्या गावात तर हे जास्तच खरं. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर दुष्काळ येतो. पण किनवट-माहूरचा हा डोंगराचा, सागाच्या जंगलाचा पट्टा मराठवाड्यातल्या जास्त पावसाच्या भागांत मोडतो. श्रावणात पैनगंगेला पाणी चढून सहस्रकुंड धबधबा बघायला गर्दी लोटते, तेव्हा इथल्या घरांत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. आणि हेच गाव मे महिन्यात चाळिशीपार तापतं. कोकणातली ओल वेगळी. तिथे हवा खारी आहे, पाऊस तिप्पट आहे, पण पायाखालचा जांभा जागचा हलत नाही. आपल्याकडे हवा खारी नाही. हलते ती जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिला भेगा पडतात त्यांत हात कोपरापर्यंत जातो. दरवर्षी फुगताना ती खांबाला थोडा वर ढकलते, आकसताना त्याच्याभोवती फट ठेवते, आणि पुढच्या पावसाचं पाणी थेट त्या फटीत उतरतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराचं माप इथे जसंच्या तसं चालत नाही.

जमिनीलगतच का गंजतं, याचं कारण साधं आहे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही एकत्र लागतात. दोन फूट खाली ओल भरपूर, पण हवा कमी. वर हवा भरपूर, पण ऊन पडलं की तार तासाभरात कोरडी. दोन्ही कायम भेटतात ते फक्त जमिनीच्या रेषेवर. लाकडाची बुरशी आणि वाळवीही तीच जागा धरते. कोणालाही काम देण्याआधी त्याला एवढंच विचारा, "या जागेसाठी तुम्ही काय करणार?" उत्तरात तो खड्ड्याबद्दल बोलू लागला तर माणूस कामाचा. जाळीच्या ब्रँडबद्दल बोलू लागला तर पुढचा गाठा.

माणूस कोण?

शहरात कुंपणाचा वेगळा ठेकेदार मिळतो. इकडे एकच काम तिघांत वाटलेलं असतं. गेट आणि अँगल फॅब्रिकेशनवाल्याकडे. जाळी एक तर दुकानातून बंडलानं येते, नाहीतर यंत्र गाडीवर घालून गावोगाव फिरणाऱ्या, जागेवरच जाळी विणून देणाऱ्या माणसाकडून. खड्डे आणि सिमेंट गवंड्याकडे. तिघंही आपापल्या कामात पक्के असतात, पण कुंपण झुकलं की वेल्डर गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी पोल विकणाऱ्याकडे, आणि पोल विकणारा काळ्या मातीकडे. त्यामुळे तिघांपैकी एकाला गुत्तेदार करा आणि उरलेल्या दोघांचा हिशोब त्याच्या अंगावर टाका. चार पैसे जास्त मागेल, ते द्या. माझ्या मते हा गुत्तेदार गवंडी असावा, वेल्डर नव्हे, कारण कुंपण मोडतं ते गवंड्याच्या भागात.

त्याचं जुनं काम बघायला जा. नवं काम दाखवू नको म्हणावं, नवं कुंपण कुणाचंही सरळच दिसतं. निदान दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणावं. तिथे पोचल्यावर एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटून खांबांची ओळ बघा. कोपऱ्याचा खांब आत झुकलेला असेल तर त्याला टेकू दिलेला नाही किंवा टेकूचा खड्डा नावालाच आहे. मधला एखादाच खांब वर उचलल्यासारखा दिसला तर तो काळ्या मातीनं उचलला आहे. आणि त्या घरच्या बाईला विचारा. घरचा पुरुष "चांगलं केलं की" म्हणून मोकळा होतो. जाळीखालून कोंबड्या कुठे निघतात, डुक्कर कुठून शिरतं, गेट कोणत्या महिन्यापासून घासतंय, हे तिला ठाऊक असतं.

आता गुत्त्यानं द्यावं की रोजानं? सगळं गुत्त्यानं दिलं की कामाला वेग येतो आणि खोली कमी होते. सगळं रोजानं दिलं की चार दिवसांचं काम आठ दिवस चालतं. मला यातलं बरं वाटतं ते असं: खड्डे रोजानं, बाकी गुत्त्यानं. खड्डे खणायची मजुरी तुम्ही रोजानं दिली की खड्डा उथळ ठेवण्यात कुणाचाच फायदा उरत नाही. गुत्तेदाराला हे सुरुवातीलाच सांगितलं तर तो सहसा नाही म्हणत नाही, उलट त्याची कटकट वाचते. सगळंच गुत्त्यानं द्यायचं ठरलं तर भाव फार पाडू नका. फुटामागे दोन रुपये पाडले की खड्डा चार बोटांनी वर येतो, हा या धंद्याचा न सांगितलेला नियम आहे.

हद्द आधी, खड्डा नंतर

गुत्तेदाराला हद्द दाखवायची जबाबदारी तुमची, त्याची नाही. "शेजारच्या भाऊंनी इथून म्हणलं होतं" यावर पहार चालवू नका. शेताचा किंवा बिनशेती प्लॉटचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करा. तो ई-मोजणीतून ऑनलाइनही करता येतो. मोजणीवेळी शेजाऱ्यांना नोटीस जाते, खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची 'क' प्रत हातात येते. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढा. केंद्राच्या स्वामित्व योजनेत, 24 एप्रिल 2020 पासून, गावठाणांची ड्रोननं मोजणी करून मालमत्ता पत्रकं देण्याचं काम सुरू झालं. तुमच्या गावचं झालं असेल तर ते पत्रक हाच सगळ्यात सोपा आधार.

कुंपणाच्या रेषेत कुणाची जुनी वाट येत असेल तर ती गेटनं बंद करून टाकण्याचा मोह टाळा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात 20 वर्षांच्या उघड, अखंड वहिवाटीतून वाटेचा हक्क तयार होतो, आणि अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा आदेश 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार देऊ शकतात. त्या आदेशावर जेसीबी येतो तेव्हा गुत्तेदार फोन उचलत नाही. रस्त्याच्या बाजूला गटारीची जागा सोडा. ग्रामपंचायतीत विचारून, लागेल ती परवानगी कागदावर घ्या. नळाची नवी लाइन अंगणासमोरून कुठून गेली आहे हे ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय पहिली पहार मारू देऊ नका. फुटलेली लाइन दुरुस्त होईपर्यंत अख्खी गल्ली तुमच्या दारात उभी राहते.

शेजाऱ्याशी सामाईक कुंपण करायचं असेल तर खर्च कुणाचा किती, खांब कुणाच्या बाजूला आणि दुरुस्ती कुणी करायची, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. नातं चांगलं आहे म्हणूनच लिहून ठेवायचं.

पोल, तार आणि मोरचूद

घराच्या कुंपणाला आपल्याकडे तीन पर्याय चालतात: सिमेंटचे पोल आणि जाळी, लोखंडी अँगल आणि जाळी, किंवा खाचेच्या खांबांत पाट्या सरकवलेली रेडिमेड सिमेंटची भिंत. रेडिमेड भिंत दिसायला भारी आणि दोन दिवसांत उभी होते. काळ्या मातीत ती मी कुणाला सुचवत नाही. खांब इंचभर सरकला की पाटी खाचेतून निसटते. शिवाय उताराचं पाणी ती अडवते, आणि इथल्या जोराच्या पावसात पाणी अडलं की ते भिंतीला ढकलतं. मुरमाची जमीन असेल, पाणी जायला खाली भोकं ठेवली असतील, तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वीट किंवा दगडाचं फूटभर जोतं आणि त्यावर जाळी, हे करावं. रानडुक्कर खालून उकरतं, ते जोत्यामुळे थांबतं. गावातली मोकाट जनावरं जाळीनं थांबतात. वानरं कशानंच थांबत नाहीत, त्यासाठी कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

सागाची बल्ली स्वस्तात मिळते म्हणून कुणी सांगेल. जंगल शेजारी असल्यामुळे या भागात ती मिळतेही. वाहतूक परवाना आणि पावती नसलेलं सागाचं लाकूड अंगणात उभं करू नका. वनखात्याची गाडी आली की जबाब तुम्हाला द्यावा लागतो. शिवाय टिकतो तो सागाचा आतला तपकिरी गाभा. कोवळ्या बल्लीत पांढरा भागच जास्त असतो, आणि तो ओलीत दोन-तीन वर्षांत जातो.

सिमेंटचा पोल घेताना कास्टिंगवाल्याकडे तुटलेला एखादा पडलेला असतोच, तो मागून बघा. चार सळया चारी कोपऱ्यांत आहेत का, का दोनच मध्ये घातल्या आहेत? सळईवर निदान पाऊण इंच सिमेंट हवं. सळई काठाला आली असेल तर ओल आत शिरते, सळई गंजून फुगते आणि पोल उभा चिरतो. पोल कधी ओतले आणि किती दिवस पाणी मारलं, हेही विचारा. भारतीय मानक 456 नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला कमीत कमी 7 दिवस पाणी लागतं. कडक ऊन आणि मिश्र सिमेंट, म्हणजे आपल्या दुकानात मिळणारं बहुतेक सिमेंट, असेल तर 10 ते 14 दिवस. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ओतलेल्या पोलला चौदा दिवस पाणी कुणी घातलं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

लोखंडी अँगल असेल तर खड्ड्यात जाणारा भाग आणि वरचा फूटभर, साफ करून, कोरडा असताना डांबरी रंगाचे दोन हात. गंजावरून रेड ऑक्साइड ओढून देतात तो दिखावा असतो. पावसाळा संपायच्या आत त्याला फोड येतात.

आता जाळी. भाव फुटावर सांगतात आणि गेज पुटपुटतात. 10 गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर तार, 12 गेज म्हणजे 2.64 मिलिमीटर. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण 10 गेजच्या तारेत 12 गेजच्या दीडपट लोखंड असतं. म्हणून जाळी वजनावर घ्या. चाळीस बाय साठचा प्लॉट धरा. घेर 200 फूट, गेटचे 10 फूट वजा केले की 190. पाच फूट उंच, तीन इंची घरांची जाळी 10 गेजमध्ये साधारण 160 किलोच्या आसपास भरते आणि 12 गेजमध्ये 105-110 किलोपर्यंत. बंडलं काट्यावर चढवली की कोणत्या गेजचे पैसे आपण देतोय ते कळतं. तारजाळीसाठी भारतीय मानक 2721 आहे आणि काटेरी तारेसाठी 278; दुकानदाराला हे आकडे सांगून मालावरचं लेबल मागा. लेबल नसेल तर भाव त्या हिशोबानं.

जाड तारेइतकंच महत्त्वाचं तिच्यावरचं जस्त. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, म्हणून थर दुप्पट तर आयुष्य जवळपास दुप्पट. जागेवर विणून देणारे लोक बहुतेक वेळा पातळ थराची तार वापरतात, कारण तीच स्वस्त. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच चमकतात. पण कापसा-संत्र्यावर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्याच्या घरात मोरचूद असतंच, आणि जस्त तपासायची जुनी पद्धत त्याचीच आहे. प्रयोगशाळेत ती नेमक्या मापानं होते, पण अंदाज घ्यायला घरचं साधन पुरतं. प्लास्टिकच्या डब्यात मोरचुदाचं घट्ट द्रावण करा. धातूचं भांडं नको, हातात मोजे हवेत. तारेचा वीतभर तुकडा साबणानं धुऊन एक मिनिट त्यात बुडवा, काढा, पाण्यात धुऊन फडक्यानं पुसा. पुसल्यावर निघून जाणारं काळं काही असेल तर हरकत नाही. पुन्हा एक मिनिट बुडवा. पहिल्या-दुसऱ्या बुडवणीतच तारेवर चकचकीत, न पुसलं जाणारं तांबं चढलं, तर जस्त संपलं आणि खालचं लोखंड उघडं पडलं. तीन-चार वेळा बुडवूनही तार राखाडीच राहिली तर थर बरा आहे. कापलेल्या टोकाला तांबं चढणारच, तिथे जस्त नसतं, ते धरू नका. दोन दुकानांच्या तारांचे तुकडे शेजारी शेजारी बुडवले की भावातला फरक कशाचा आहे तेही कळतं. द्रावण गुरांच्या हौदाजवळ ओतू नका, ते विषारी आहे.

हिरव्या प्लास्टिकचं आवरण असलेली जाळी दिसते छान. उन्हानं आवरणाला चीर पडली की पाणी आत साठतं आणि तार झाकलेल्या जागी गंजते, म्हणजे कळायलाही उशीर होतो. आत चांगलं जस्त असेल तरच ती घ्यावी.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर महिनाभर वाद होऊ शकतो, ती म्हणजे बांधायची तार. जाळी खांबाला आणि आडव्या तारांना बांधायला गवंडी स्लॅबच्या सळया बांधायची काळी बाइंडिंग वायर वापरतो, कारण ती त्याच्या पिशवीत असते. तिच्यावर जस्त नसतं. पहिल्या पावसाळ्यात ती लाल होते, दुसऱ्यात हातात तुटते. मग हजारोंची जाळी खांबापासून सुटून पोटात फुगते आणि शेळ्या तीतून जातात. गाठीला जस्ताचीच तार हवी, हे कागदावर लिहून घ्या. किंमत काही किलो तारेचीच आहे.

तसंच वेल्डिंगचं. जस्त चढवलेल्या लोखंडावर वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं. वेल्डरनं सांधा घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर मारायचा असतो. साध्या चंदेरी रंगानं ते झाकलं जातं, भरून येत नाही. जस्ताचा पांढरा धूरही वाईट, वेल्डरला त्यानं थंडी-ताप येतो, त्यामुळे बंद शेडमध्ये हे काम त्याला करायला लावू नका.

पोती मोजा

खड्डा खणताना समोर उभं राहायची सवय नसेल तर निदान त्या दिवशी तरी घरी राहा. संवाद बहुतेक असा होतो:

"मिस्त्री, पोल खाली किती जाणार?"

"दोन फूट टाकू की मामा. लोकं दीडच टाकायलेत."

मुरमात दोन फूट ठीक आहे. काळ्या मातीत आठ फुटी पोलला अडीच फूट हवेच, आणि तीन फुटांवर मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत जाऊन बसवा. वर पाच फूट उरतात, तेवढे पुरतात. एकाच प्लॉटवर पुढे मुरूम आणि मागे काळी असं सर्रास असतं, म्हणून "सगळे खड्डे सारखे" ही अट चुकीची. "खाली घट्ट लागेपर्यंत" ही अट बरोबर, आणि पावसाळ्यात मागच्या बाजूला पाणी किती दिवस उभं राहतं हे तुम्ही त्याला आधीच सांगितलं पाहिजे.

खड्ड्याचा आकारही बघा. पहारीनं खणलेला खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता होतो, कारण तसं खणणं सोपं. त्यात ओतलेलं काँक्रीटही वर रुंद होतं आणि फुगणारी काळी माती त्याला बरोबर खालून धरून वर उचलते. खड्डा वरपासून खालपर्यंत सरळ हवा, तळाशी थोडा रुंद असेल तर उत्तमच. ट्रॅक्टरवर बसवलेलं, झाडांचे खड्डे पाडायचं यंत्र कुणाकडे मिळालं तर खड्डे सरळ पडतात आणि मजुरीही वाचते. तळाला चार बोटं गिट्टी किंवा मुरूम, म्हणजे पोलच्या बुडाशी पाणी साचत नाही. वर काँक्रीट जमिनीच्या दोन बोटं वर आणून चारी बाजूंनी उतार द्यायचा. सगळ्या कुंपणात हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि हेच राहून जातं. उतार नसेल तर पाणी खांबाच्या बुडाशी तळं करून बसतं.

वरच्याच प्लॉटचा हिशोब पुढे नेऊ. आठ फुटांवर एक असे गेटच्या दोन खांबांसह पंचवीसच्या आसपास पोल आणि कोपऱ्यांचे आठ टेकू, म्हणजे तेहेतीस खड्डे. फूट बाय फूट, अडीच फूट खोल, पोलची जागा वजा केली तर साधारण 73 घनफूट काँक्रीट. एकास दोन, चार या मिश्रणात त्याला सिमेंटची 13 पोती लागतात. गुत्तेदारानं गाडीतून सहा पोती उतरवली तर उरलेले खड्डे तो मातीनंच भरणार आहे, हे समजायला इंजिनिअर लागत नाही. रिकामी पोती मोजून घ्यायची अट घाला. राग येतो, पण काम होतं.

टेकू म्हणजे कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही ओळींत लावलेला तिरपा खांब. जाळी ताणली की सगळा ओढा कोपऱ्यावर येतो. लांब ओळीत आठ-दहा पोलांनंतरही एक टेकू हवा. आडव्या तारा वर, मध्ये आणि खाली, अशा तीन. काँक्रीट ओतल्यावर जाळी ताणायची घाई नको. निदान आठवडाभर खांबांना पाणी मारा आणि मगच ताण द्या. त्याच दिवशी जाळी ओढणाऱ्या गुत्तेदाराला दुसऱ्या गावच्या कामाला उशीर झालेला असतो.

रात्री उघडे राहणारे खड्डे फळ्यांनी झाकून घ्या. करडू आणि लेकरू दोन्ही त्यात पडतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला सकाळी त्यात हात घालण्याआधी बॅटरी मारून बघावी लागते.

करंट कधीच नाही

डुकरांचा त्रास आहे म्हणून कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडून देतो म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहाही देऊ नका. अशा तारेला चिकटून शेतकरी, मजूर, शेजाऱ्याची मुलं मेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मेलेला माणूस असेल तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, वन्यप्राणी असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, आणि वीजचोरीसाठी 2003 चा विद्युत कायदा, तिन्ही मालकाच्या गळ्यात पडतात. बॅटरीवर, सौर पॅनेलवर चालणारं झटका यंत्र वेगळं. ते सतत करंट सोडत नाही, क्षणभराचा झटका देऊन थांबतं. भारतीय मानक 302 मध्ये अशा यंत्रांसाठी वेगळा विभाग, 76 वा, आहे. घेतलंच तर त्या मानकाचं घ्या, फलक लावा, आणि अंगणाला नव्हे तर मागच्या वावराला लावा. घराच्या कुंपणाला त्याची गरज नसते.

पैसे, कागद, महिना

दरपत्रक एका ओळीचं घेऊ नका. "कुंपण, 190 फूट, इतके रुपये" याला अर्थ नाही. पोलची लांबी आणि सळया, तारेचं गेज आणि जाळीचं वजन, खड्ड्याचं माप, सिमेंटची पोती, टेकू किती, बांधायची तार कोणती, गेट किती किलोचं, वाहतूक कुणाची, हे सगळं त्यात यावं. वहीच्या पानावर लिहिलं तरी चालेल, पण दोघांच्या सह्या हव्यात. बयाना मालाच्या किमतीपेक्षा जास्त देऊ नका. माझा हिशोब असा: माल उतरला की तीस टक्के, खांब उभे राहिले की तीस, जाळी ताणून गेट लागलं की तीस, आणि शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. शेवटची अट ऐकून जो गुत्तेदार हसून हो म्हणतो, त्याला काम द्यायला हरकत नाही. मात्र मजुरांचा रोज त्यात अडकवू नका, तो दर संध्याकाळी मिळाला पाहिजे.

मालाची पक्की पावती घ्या. पैसे घेऊन काम अर्धं टाकलं किंवा सांगितलेल्यापेक्षा हलका माल लावला, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीची फी लागत नाही. पावती आणि सहीचा कागद नसेल तर मात्र तिथे सांगायला काही उरत नाही.

काम झाल्यावर दोन सवयी ठेवा. जाळीवर दोडका, वाल, गुळवेल चढवू नका. पानांखाली ओल टिकते आणि जस्त तिथेच आधी जातं. वेलाला वेगळा मांडव करा. हिरवं कुंपण हवंच असेल तर जाळीच्या आत फूटभर सोडून मेंदी किंवा सागरगोटा लावा. आणि गोठ्याची बाजू पत्र्यानं किंवा जोत्यानं वेगळी ठेवा, गुरांच्या मुतानं जस्त लवकर खाल्लं जातं. दर दिवाळीला खांबाच्या बुडाशी साचलेली माती आणि गवत खुरप्यानं ओढून काढा.

महिना कोणता, हे शेवटी. जुलैत खड्डे पाण्यानं भरतात. ऑक्टोबर ते डिसेंबर माणसं कापूस वेचणीत आणि सोयाबीनच्या खळ्यात असतात. मिळतात ती वाढीव रोजानं. एप्रिल-मेमध्ये जमीन दगड झालेली, काँक्रीटला मारायला पाणी नाही, आणि गवंडी लग्नांत. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीत खणण्यापुरती ओल असते, विहिरीला पाणी असतं, माणसं मोकळी झालेली असतात, आणि पहिल्या पावसाआधी काँक्रीट पक्कं व्हायला चार महिने मिळतात. मोजणीचा अर्ज दसऱ्याच्या आसपास टाका, दरपत्रकं डिसेंबरात मागवा, आणि कापूस निघाल्याबरोबर काम लावा. मृग लागल्यावर गुत्तेदार शोधायला निघू नका.